हिंगणा रस्त्यावरची वॉटर स्कूटर सर्व्हिसिंग: इंजिनाआधी पाण्याची चौकशी करणारी कार्यशाळा

नागपुरात स्वतःची वॉटर स्कूटर बाळगणारे लोक थोडे आहेत आणि ती नीट दुरुस्त करून देणारी ठिकाणे त्याहून थोडी आहेत. समुद्र इथून कितीतरी दूर असल्यामुळे बहुतेक मालक आपले यंत्र एक तर मुंबई-गोव्याकडे पाठवतात, नाही तर ओळखीच्या मोटारसायकल मेकॅनिकच्या हवाली करतात; पहिल्या मार्गात वाहतुकीचा खर्च सर्व्हिसिंगपेक्षा जास्त होतो आणि दुसऱ्या मार्गात पुढे काय होईल हे नशिबावर राहते. हिंगणा रस्त्यावर, एमआयडीसीच्या अलीकडे, जनरेटर आणि बोटीची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करणारी एक छोटी कार्यशाळा आहे, जिथे आता वॉटर स्कूटरही घेतात. आम्हा मित्रमंडळींच्या मालकीचे यंत्र काही हंगामांपासून तिथेच जाते. मालकाकडे आधीच हाताबाहेरचे काम असल्यामुळे कार्यशाळेचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. त्या रस्त्यावरच्या कोणत्याही जनरेटरवाल्याला विचारले तरी तो पत्ता सांगेल.

या कार्यशाळेविषयीचे माझे मत आधीच सांगून टाकतो. ती महाग नाही, पण स्वस्तही नाही. वेळेच्या बाबतीत ती फारशी भरवशाची नाही. तरीही यंत्राचा भरवसा वाढवण्याच्या कामात नागपुरात मला तिच्या तोडीचे दुसरे ठिकाण दिसलेले नाही. याचे कारण तिथे काम कोणत्या क्रमाने केले जाते यात आहे. वॉटर स्कूटर बंद पडली की मालकाला इंजिन गेल्याचा संशय येतो आणि पुष्कळ मेकॅनिकही तोच संशय पक्का करून इंजिन खोलायला घेतात. इथे मात्र पाणी, पेट्रोल आणि बॅटरी या तिघांची चौकशी पुरी झाल्याशिवाय इंजिनाला पान्हा लागत नाही. ‘पहिले पाणी कुठून गेलं ते पाहू द्या भाऊ, इंजिन कुठं पळून नाही चाललं,’ हे कार्यशाळेच्या मालकांचे वाक्य तिथे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकावे लागते.

आमचे यंत्र तीन सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे आणि सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) नसलेले आहे. त्यात इंजिन थंड ठेवणारे कूलंट मोटारीप्रमाणे आतल्या आत फिरते आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या धातूच्या पट्टीतून आपली उष्णता तलावाच्या पाण्याला देते. सी-डू या ब्रँडच्या यंत्रांतल्या रोटॅक्स इंजिनांत ही पद्धत असते. यामाहाच्या वेव्हरनरमध्ये मात्र तलावाचेच पाणी इंजिनातून फिरून बाहेर पडते. पहिल्या प्रकारात गाळ इंजिनाच्या जलमार्गांपर्यंत पोहोचत नाही हे खरे असले, तरी धुराड्याचा मार्ग थंड करायला तिथेही बाहेरचेच पाणी लागते, त्यामुळे ‘आमचे तर बंद सर्किट आहे, धुवायची गरज काय’ हा युक्तिवाद टिकत नाही. कार्यशाळेत यंत्र आले की हा फरक मालक स्वतः समजावून सांगतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे जुन्या इंजिनाचा एक कापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा भाग, ठेवलेला आहे. त्याच्या आतल्या वाटेवर बसलेला पांढरट, कडक थर बोटाने चाचपून पाहिला की पुढचे काही सांगावे लागत नाही. तो थर गाळाचा नसून बोअरवेलच्या जड पाण्याचा आहे. यंत्र घरी आणून बोअरच्या पाण्याने धुण्याची सवय नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत सर्रास दिसते. पेंच आणि कन्हानवरून येणारे नळाचे पाणी मिळत असेल तर फ्लशिंगसाठी, म्हणजे आतल्या वाटा धुण्यासाठी, तेच वापरावे, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो मला पटतो.

फ्लशिंगचा क्रम हा या संपूर्ण विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. पाइप जोडल्यावर आधी इंजिन सुरू करायचे आणि लगेच नळ उघडायचा. संपवताना आधी नळ बंद करायचा, दोन-चार वेळा थोडा थ्रॉटल देऊन उरलेले पाणी बाहेर काढायचे आणि मग इंजिन थांबवायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर पाणी बाहेर ढकलायला धुराचा दाब नसतो. ते एक्झॉस्टमध्ये साचत जाते आणि शेवटी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे पुढचा स्टार्ट मारताच पिस्टन अडतो, आणि वाकलेल्या कनेक्टिंग रॉडचा खर्च ऐकून माणूस यंत्र विकायला काढतो. शिवाय पाण्याबाहेर इंजिन काही मिनिटांपेक्षा जास्त चालवायचे नसते, कारण यंत्राला पुढे ढकलणाऱ्या जेट पंपाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीलला तलावाचेच पाणी थंड ठेवत असते. या सगळ्या सूचना निर्मात्याच्या पुस्तिकेत आहेतच, पण ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि यंत्र धुणारा मुलगा बहुधा ती वाचत नाही. कार्यशाळेने हाच क्रम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून, कागद लॅमिनेट करून, सीटच्या खालच्या बाजूला चिकटवून दिला आहे. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. माझ्या मते पूर्ण सर्व्हिसिंगमधली सर्वाधिक किमतीची वस्तू तीच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. निर्माते साधारणपणे शंभर तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगतात. विदर्भात खासगी वापराच्या यंत्राचे वर्षाला शंभर तास क्वचितच होतात, म्हणून ‘अजून तास भरले नाहीत’ या सबबीवर दोन-दोन वर्षे तेच ऑइल ठेवणारे मालक मला माहीत आहेत. थोडा वेळ चालून बराच काळ उभ्या राहणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये ओलावा आणि न जळालेले पेट्रोल मिसळत राहते, आणि अशा इंजिनाला तासांपेक्षा महिन्यांचा हिशेब लागू होतो. कार्यशाळेत जुने ऑइल काढल्यावर ते लगेच ड्रममध्ये ओतत नाहीत. पारदर्शक बरणीत घेऊन रात्रभर ठेवतात आणि सकाळी मालकाला दाखवतात. तळाला पाणी बसले आहे का, रंग दुधाळ झाला आहे का, चुंबकाला काही चिकटते का, हे सगळे डोळ्यांसमोर होते. इतकी साधी पारदर्शकता मोठ्या शहरातल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये मला मिळालेली नाही. तिथे यंत्र काचेच्या पलीकडे गेले आणि बिल काचेच्या अलीकडे आले, एवढाच आमचा संबंध होता.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या यंत्राची एक तक्रार होती. इंजिन जोरात फिरायचे, आवाज भरपूर यायचा, पण यंत्र पाण्यावर ओढ घेत नव्हते. खिंडसी तलावाच्या काठावर जमलेल्या जाणकारांनी प्लगपासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. कार्यशाळेत यंत्र ट्रेलरवरच ठेवून मागचा नॉझल आणि पंपाचा निमुळता भाग काढला गेला आणि कार्यशाळेचे मालक फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, घेऊन खाली बसले. इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्याची, पाती ज्या प्लास्टिकच्या कड्यात फिरतात, त्या वेअर रिंगमध्ये आणि पात्याच्या टोकामध्ये किती फट आहे, हे त्यांनी चारही बाजूंनी मोजले. नव्या स्थितीत ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते आणि ती एक मिलिमीटरच्या जवळ गेली की रिंग बदलायची वेळ झालेली असते. आमच्या रिंगमध्ये एका बाजूला गेजची जाड पट्टीसुद्धा सैल हलत होती आणि आतल्या पृष्ठभागावर गोलाकार खोल ओरखडे होते. पंपातले पाणी त्या फटीतून मागे सरकत होते, पात्यांवर बुडबुडे धरत होते आणि इंजिनाची ताकद तिथेच वाया जात होती. रिंग बदलली, पात्यांच्या कडा घासून सरळ केल्या, आणि इंजिनाला हातही न लावता तक्रार संपली.

ते ओरखडे कशाने पडले, याचा शोध त्यांनी तितक्याच चिकाटीने घेतला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या तलावांची पातळी खाली जाते आणि उतारावरून यंत्र सोडताना ते गुडघाभर पाण्यात असतानाच लोक स्टार्ट मारतात. जेट पंप तळातले पाणी जोराने ओढतो आणि त्याबरोबर वाळू, खडे, शिंपले सगळे इम्पेलरमधून जाते. निर्मात्यांच्या पुस्तिकांत यासाठी किमान खोली दिलेली असते. सी-डूच्या पुस्तिकेत ती 90 सेंटिमीटर आहे. कमरेपर्यंत पाण्यात यंत्र हाताने ढकलत नेणे हा यावरचा उपाय आहे, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त पँट भिजते.

वाळूच्या खालोखाल जलपर्णीचा त्रास. नागपूरकरांना अंबाझरीवरची जलपर्णी चांगली परिचित आहे, आणि शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान-वैनगंगेमार्गे ज्या गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते, तिथेही तिचे हिरवे पट्टे तरंगताना दिसतात. तिची मुळे आणि देठ तळाच्या जाळीतून आत जाऊन शाफ्टला गुंडाळतात, मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा असेल तर तो ताणून घट्ट बसतो, आणि पंपात पाणी कमी आले की धुराड्याच्या थंडाव्याला लागणारे पाणीही कमी होते. मग तापमानाचा इशारा वाजतो आणि दोष उन्हाळ्याला दिला जातो. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, त्यामुळे उन्हाला दोष देण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे. परंतु हे इंजिन हवेने थंड होत नाही, पाण्याने होते, आणि मे महिन्यातही खोल तलावाचे पाणी इंजिनाच्या दृष्टीने थंडच असते. इशारा वाजला तर काठावर येऊन, किल्ली काढून, जाळी आणि शाफ्ट आधी साफ करावा, असे इथे शिकवले जाते. किल्ली काढण्यावर मालकांचा भर इतका असतो की पंपाखाली हात घालण्याआधी ती स्वतःच्या खिशात असलीच पाहिजे, असा कार्यशाळेचा नियमच आहे.

शाफ्ट साफ करताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शाफ्ट ज्या ठिकाणी यंत्राच्या पोटातून बाहेर पडतो तिथे कार्बनची कडी आणि रबरी घडी मिळून पाणी अडवतात. त्या कडीच्या आसपास काळी भुकटी साचली असेल, तर ती झिजत आहे असे समजावे. गुंडाळलेला दोरा वेळेवर काढला नाही तर ही कडी खराब होते, पोटात पाणी येते आणि उलट बाजूने पंपात हवा खेचली जाऊन पुन्हा तीच ओढ न घेण्याची तक्रार उभी राहते. म्हणजे एकाच लक्षणाची दोन वेगळी कारणे असू शकतात, आणि दोन्ही इंजिनाच्या बाहेरची आहेत.

पेट्रोलच्या बाबतीत कार्यशाळेचे मत स्पष्ट आहे आणि इथे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर वॉटर स्कूटरचे बहुतेक निर्माते आपल्या पुस्तिकेत दहा टक्क्यांची मर्यादा घालतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात; इंधनपंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. रोज वापरल्या जाणाऱ्या स्कूटीत पेट्रोल इतके दिवस राहतच नाही म्हणून तिथे त्रास जाणवत नाही, पण जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या यंत्रात जाणवतो. त्यामुळे पावसाळ्याआधी टाकी रिकामी करावी, किंवा पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर टाकून थोडे इंजिन चालवून ते इंजेक्टरपर्यंत पोहोचवावे, आणि हंगामात लागेल तेवढेच ताजे पेट्रोल भरावे, असा त्यांचा सल्ला असतो. पेट्रोल भरल्यावर स्टार्ट मारण्याआधी सीट उघडून पोटातली वाफ जाऊ द्यावी, हेही ते प्रत्येक वेळी सांगतात. विदर्भाच्या उन्हात बंद पोटात साचलेली वाफ हा थट्टेचा विषय नाही.

पावसाळ्याच्या विश्रांतीचे जे पॅकेज ते देतात, त्याचे कौतुक विशेष करावेसे वाटते. परदेशी पुस्तिकांत हिवाळ्यासाठी यंत्र बांधून ठेवण्याची लांबलचक पद्धत असते आणि तिच्यात एक्झॉस्टमध्ये गोठणरोधक द्रव भरायला सांगितलेले असते. नागपूरची थंडी कितीही बोचरी असली तरी 29 डिसेंबर 2018 रोजीही पारा 3.5 अंशांच्या खाली गेला नव्हता, तेव्हा हा द्रव इथे निव्वळ अनावश्यक आहे. एका ठिकाणी तो आमच्या बिलात लागलेला होता. हिंगणा रस्त्यावर तो लावत नाहीत. मात्र बंद सर्किटमधले कूलंट काढून त्याजागी साधे पाणी भरण्याचा आमच्या एका मित्राचा प्रस्तावही त्यांनी झटकून टाकला, कारण कूलंट गंज रोखते आणि उकळणबिंदू वाढवते, आणि या दोन्ही गोष्टींचा थंडीशी संबंध नाही. त्याऐवजी त्यांच्या पॅकेजमध्ये पोटाचे डाट काढून यंत्राचा पुढचा भाग उंच करून सगळे पाणी काढणे, सिलिंडरमध्ये गंज रोखणारे थोडे फॉगिंग ऑइल फवारणे, विजेच्या जोडांना ओलावा अडवणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावणे, थ्रॉटल आणि स्टिअरिंगच्या केबलना वंगण देणे आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअरबॉक्सच्या तोंडाला जाळी बांधणे या गोष्टी येतात. शेवटची गोष्ट उंदरांसाठी आहे. पावसाळ्यात झाकणाखालच्या उबदार पोटात उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि ऑक्टोबरमध्ये जे ‘इलेक्ट्रॉनिक फॉल्ट’ निघतात त्यांतले बरेचसे दातांचे असतात.

बॅटरी ते काढूनच घेतात आणि कार्यशाळेत मेंटेनर चार्जरवर ठेवतात. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. उष्णतेत ती लवकर उतरते आणि अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिली की पुन्हा पूर्ण भरत नाही. स्टार्ट मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर इंजिनाचा संगणक गोंधळतो आणि स्क्रीनवर भलतेच इशारे येतात, म्हणून कोणताही फॉल्ट कोड वाचण्याआधी ते बॅटरीवर लोड देऊन पाहतात.

उलटलेल्या यंत्राचे एक प्रकरण मी तिथे समोर पाहिले. दुसऱ्या एका मालकाचे यंत्र पाण्यात पालथे झाले होते आणि मदतीला धावलेल्यांनी ते जवळची बाजू पाहून उलट दिशेने सरळ केले होते. कोणत्या दिशेने सरळ करायचे याचे चित्र मागच्या बाजूला चिकटवलेले असते. दिशा चुकली तर धुराड्याच्या मफलरमधले पाणी इंजिनाकडे वाहते. कार्यशाळेत आल्याबरोबर कुणालाही बटण दाबू न देता तिन्ही प्लग काढले गेले, मग इंजिन फिरवून पाणी भोकांतून उडवले गेले, सिलिंडरमध्ये तेल सोडले गेले आणि ऑइल बदलून, थोडे चालवून, पुन्हा बदलून, असे रंग स्वच्छ होईपर्यंत चालले. यंत्र त्याच दिवशी आले म्हणून वाचले. ओले सिलिंडर दोन-तीन दिवस तसेच राहिले असते तर गंजाने पिस्टनच्या रिंगा धरल्या असत्या.

आता उणिवा. सुटे भाग मुंबईहून किंवा बाहेरून मागवावे लागतात आणि ‘आठवड्यात येतो’ या उत्तराचा अर्थ महिना असा घ्यावा लागतो. बिल एकत्रित रकमेचे देतात, मजुरी आणि भाग वेगळे दाखवत नाहीत. मागितल्यावर कागदावर हाताने लिहून देतात, पण मागावे लागते. मजुरी मध्यम आकाराच्या चारचाकीच्या मोठ्या सर्व्हिसिंगच्या आसपास जाते, आणि केलेले काम पाहता ती मला अवास्तव वाटत नाही. फोन उचलण्याच्या बाबतीत मात्र ते अगदीच उदासीन आहेत. सकाळी दहाच्या आधी प्रत्यक्ष गेलेले बरे.

सुपरचार्जर असलेली यंत्रे ते घेत नाहीत, आणि नकार देताना कारणही सांगतात. जुन्या सुपरचार्ज्ड रोटॅक्स इंजिनांत क्लचमध्ये सिरॅमिकचे वॉशर होते आणि ते तुटले तर तुकडे ऑइलमधून इंजिनभर फिरत. अशा कामाला लागणारी खास हत्यारे आणि बोल्ट किती घट्ट आवळायचे याचे टॉर्कचे तक्ते आपल्याकडे नाहीत, म्हणून ते मुंबईलाच पाठवा, असे ते सरळ म्हणतात. कावासाकीच्या मोठ्या सुपरचार्ज्ड मॉडेलच्या मालकांनाही तेच उत्तर मिळते. साध्या, हवा नैसर्गिकरीत्या ओढणाऱ्या तीन किंवा चार सिलिंडरच्या यंत्रासाठी मात्र निःशंकपणे तिथे जावे. पावसाळ्याच्या पॅकेजसाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात नाव नोंदवावे लागते, कारण आतल्या शेडमध्ये जागा मर्यादित आहे. उशिरा आलेली यंत्रे बाहेर ताडपत्रीखाली उभी राहतात, आणि ती जागा मी कुणाला सुचवणार नाही.